शेवटचे चार किलोमीटर

सुखदा सातच्या शिफ्टला पुन्हा अकरा मिनिटं उशिरा आली. पंधरवड्यातली ही तिसरी वेळ.

मॅनेजर सुनेत्राने तिला केबिनच्या काचेतून येताना पाहिलं. पँटला गुडघ्यापर्यंत काळा चिखल, थंडीने लाल झालेलं नाक, पाठीवर युनिव्हर्सिटीची बॅग. ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबात ऑगस्टच्या ऐन थंडीत सकाळी सातच्या आत कुणी चालत बाहेर पडावं असं हवामान नसतं. तरीही सुनेत्राला दया आली नाही, चीड आली. धान्याच्या कोठारांसाठी कन्व्हेयर बनवणाऱ्या या कारखान्यात सुखदाला तिनेच लावलं होतं, आणि आज सुपरवायझरने सुनेत्राकडे बघून नुसत्या भुवया उंचावल्या होत्या.

"ये, बस."

"उभीच राहते, ताई. खुर्ची खराब होईल."

"आज काय झालं?"

"बस वीस मिनिटं लेट होती. शॉपिंग सेंटरला उतरले तेव्हा साडेसहा झाले होते. पुढचे चार किलोमीटर बस नाही. निम्मं अंतर धावले."

"मग गाडी घे ना. सगळे घेतात."

"लर्नर्स लायसन्स झालंय, ताई. पण पक्कं मिळायला सरावाच्या शंभर तासांचं लॉगबुक भरायचंय. शेजारी बसायला कुणी लायसन्सवाला मिळाला तर भरणार ना?"

सुखदा हे हसत बोलली. सुनेत्रा हसली नाही.

"आम्हीही स्टुडंट होतो, सुखदा. दोन हजार सातमध्ये मेलबर्नला आले तेव्हा माझ्याकडे सायकलसुद्धा नव्हती. पण कामावर एक दिवस उशीर केला नाही. आता आणखी एकदा लेट झालीस, तर पुढच्या रोस्टरमध्ये तुझं नाव नसेल. मला काही करता येणार नाही."

"ओके, ताई," सुखदा म्हणाली आणि चिखलाचे ठसे उमटू नयेत म्हणून टाचांवर चालत बाहेर गेली.

तुमच्याआमच्यापैकी अनेकांनी असंच काहीतरी कधी ना कधी कुणाला ऐकवलेलं असतं. आम्ही नाही का केलं? हल्लीच्या मुलांना कष्ट नकोत. परदेशात चार वर्षं आधी आलेला माणूस चार वर्षं नंतर आलेल्याला हे फार सहज सांगतो.

सुनेत्राला त्या दिवशी सुखदापेक्षा मोठा विषय समोर होता. कंपनीला मेक्सिकोत कारखाना काढायचा होता आणि दोन जागांमधून एकीची शिफारस करायचं काम तिच्याकडे होतं. अहवाल गुरुवारी द्यायचा होता. शिफारस बोर्डाला पटली, तर मेक्सिकोचा सगळा प्रकल्प तीच सांभाळणार होती. सोळा वर्षांपूर्वी विद्यार्थी म्हणून आलेल्या बाईसाठी ही लहान गोष्ट नव्हती.

पहिली जागा एल मिराडोर. दोन महामार्गांच्या चौकात वसवलेली नवी औद्योगिक वसाहत. मालगाडीसाठी रेल्वेची सायडिंग थेट आत, स्वतंत्र वीज उपकेंद्र, मुबलक पाणी, विमानतळापासून पंचवीस मिनिटं. जनरल मॅनेजर नरेंद्र जूनमध्ये तिथे जाऊन आला होता आणि त्याने काढलेले फोटो अहवालात होते. स्वच्छ चौपदरी रस्ता, दुतर्फा खजुराची झाडं, निळं आकाश. दुसरी जागा सान तादेओ. जुन्या गावाच्या कडेची वसाहत, रस्ता दुपदरी, रेल्वेचा मालधक्का एकोणीस किलोमीटरवर. पंधरा मुद्द्यांवर गुण दिले होते. एल मिराडोर सत्त्याऐंशी, सान तादेओ एकाहत्तर. निकाल उघड होता, फक्त खाली सुनेत्राची सही व्हायची होती.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने पत्रपेटी उघडली. विजेचं बिल, पिझ्झाची जाहिरात, आणि वाहतूक खात्याचा एक लांब लिफाफा. त्यावर नाव होतं : मिस्टर भास्कर देवस्थळी.

ते सुनेत्राचे बाबा. एप्रिलमध्ये ते नाशिकला वारले, त्याला चार महिने झाले होते. तिने पाकीट दारातच उभ्या उभ्या फोडलं.

बाबा औद्योगिक वसाहतींमधले रस्ते आणि पाणी बघणारे अभियंता होते. निवृत्त झाल्यावरही रस्ता दिसला की ते वाकून त्याची कड बघायचे. गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत, ते दोन महिने तिच्याकडे राहिले होते. एका सकाळी त्यांनी तिच्या गाडीत बसायला नकार दिला आणि ते बसने, मग पायी, तिच्या कारखान्यावर येऊन उभे राहिले. घामाघूम, हातात टोपी. तिला चारचौघांत लाज वाटली होती.

"बाबा, इथे कुणी चालत नाही हो."

"चालत नाही, की आपल्याला दिसत नाही?" ते म्हणाले होते. "माझ्याबरोबर पंधरावीस पोरं होती."

"तुम्ही यात पडू नका. इथे असं कुणी करत नाही."

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. ते रोज सकाळी फिरायला जातात एवढंच तिला माहीत होतं.

पत्रासोबत त्यांनी खात्याला केलेल्या अर्जाची प्रत होती. अक्षर त्यांचंच, फूटपट्टीने आखलेला तक्ता. सात सकाळी, सहा ते साडेसात. तारीख, हवामान, फाटकातून पायी आलेले, सायकलवर आलेले. एकतीस. अठ्ठावीस. तेहतीस. पावसाच्या दिवशी एकोणीस. खाली त्यांच्या जपून लिहिलेल्या इंग्रजीत दोन वाक्यं होती : माझी मुलगी इथे काम करते. व्यवस्थापनातली मंडळी भली आहेत, त्यांनी फक्त हा रस्ता पाहिलेला नाही.

खात्याने कळवलं होतं की सूचना उपयुक्त आहे, सकाळची बस वसाहतीपर्यंत वाढवण्याचा विचार करता येईल. मात्र त्यासाठी कारखान्याकडून शिफ्टच्या वेळा आणि माणसांची संख्या लेखी हवी. फेब्रुवारीत आणि मार्चमध्ये कारखान्याला ईमेल पाठवूनही उत्तर आलेलं नाही. सबब तीस दिवसांनी प्रकरण बंद करत आहोत.

सुनेत्राने फोनवर ऑफिसची मेल उघडली. दोन्ही ईमेल तिथे होत्या. तिच्याच नावावर. वाचलेल्या. उत्तर दिलेलं नव्हतं.

ती बराच वेळ पायरीवर बसून राहिली. ती बरी आहे ना म्हणून शेजारच्या बाईने हात हलवून विचारलं, "यू राइट, लव्ह?" सुनेत्राने मान हलवली आणि घरात गेली.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता तिने गाडी शॉपिंग सेंटरला उभी केली. उजाडत होतं. बसमधून पंधरावीस मुलं उतरली. तिला पाहून सुखदा थबकली.

"ताई, गाडी बंद पडली का?"

"नाही. आज तुमच्याबरोबर येते."

"चेक करायला?" सुखदाने मान तिरकी केली.

"बघायला," सुनेत्रा म्हणाली.

पहिला एक किलोमीटर फूटपाथ होता, मग तो संपला. उतरतं गवत, त्याखाली रात्रीच्या पावसाने लोणी झालेली काळी माती, आणि हाताच्या अंतरावरून जाणारे ट्रक. मुलं एकामागोमाग एक, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालत होती. पहिल्याच्या आणि शेवटच्याच्या हातात टॉर्च होता.

"ही रांग कुणी शिकवली?"

"आजोबांनी," सुखदा म्हणाली. मग चाचरली. "म्हणजे तुमच्या बाबांनी. वाटलं तुम्हाला माहीत असेल. ते रोज यायचे. आम्ही गाड्यांकडे पाठ करून चालायचो म्हणून पहिल्याच दिवशी ओरडले. थंडीतल्या अंधारासाठी हे दोन टॉर्चही त्यांनीच आणून दिले."

सुनेत्राचा बूट चिखलात रुतला. सुखदाने हात दिला.

"आणखी काय बोलायचे?"

"खूप. एक वसाहत बांधली होती म्हणे त्यांनी. एवढा रुंद रस्ता, पाणी, वीज, सगळं तयार, पण कारखाने येऊन परत जायचे. मग हे एकदा पहिल्या शिफ्टच्या वेळी फाटकावर जाऊन उभे राहिले. बायका स्टँडपासून पाच किलोमीटर चालत येत होत्या. यांनी डेपो मॅनेजरला दोन महिने छळलं आणि एसटी थेट फाटकापर्यंत आणली. दोन वर्षांत प्लॉट भरले." सुखदाने श्वास घेतला. "ते म्हणायचे, आम्ही रस्ता मापतो तो मोटारीत बसून. साहेब विमानतळावरून किती मिनिटांत येईल ते लिहितो. कामाचा माणूस घरून किती वेळात येईल ते कुणी लिहीत नाही. आणि मग म्हणतो, माणसं टिकत नाहीत."

एक यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, भर्रकन गेली. चिखलाचे शिंतोडे सुनेत्राच्या कोटावर उडाले. मागून कुणीतरी म्हणालं, "वेलकम टू द क्लब, मॅम," आणि सगळे हसले.

चालता चालता सुनेत्राला मेलबर्नची सकाळ आठवली. तिने एक दिवसही उशीर केला नव्हता, हे खरं होतं. तिच्या हॉस्टेलच्या दारात दर दहा मिनिटांनी ट्राम येत होती, हेही खरं होतं. सोळा वर्षं ती पहिली गोष्ट सांगत आली होती. दुसरी तिला आजवर सांगण्यासारखी वाटलीच नव्हती.

ती आठ मिनिटं उशिरा पोहोचली. सुपरवायझरने तिचे बूट पाहिले आणि यावेळी भुवया उंचावल्या नाहीत.

त्याच दिवशी तिने मेक्सिकोतल्या दोन्ही वसाहतींना एकच प्रश्न पाठवला : पहिल्या शिफ्टचा माणूस घरून फाटकापर्यंत कसा येतो? एल मिराडोरहून उत्तर आलं की आसपास वस्ती नाही, कंपन्या आपापल्या बस चालवतात, लांबची गावं दीड तासावर आहेत, आणि हो, माणसं वरचेवर बदलतात, त्याची कंपन्यांना सवय आहे. सान तादेओहून मार्गारिता नावाच्या बाईंनी लिहिलं होतं की गावची बस फाटकाशी वळते, बरेच जण सायकलने येतात, आणि समोरची बेकरी साडेपाचला उघडते.

गुरुवारी नरेंद्रने अहवाल चाळला आणि चष्मा काढला.

"हा सोळावा मुद्दा काय आहे? आणि एका मुद्द्यावर तू शिफारसच उलटी केलीस? बोर्डाला रस्ते, रेल्वे, वीज, पाणी हवंय, सुनेत्रा. तू बेकरीचं लिहिलंयस."

"साडेपाचला बेकरी उघडते म्हणजे साडेपाचला तिथे माणसं असतात. तुझ्या फोटोंत मला रस्ता दिसला, माणूस नाही दिसला."

"अकरा वाजता काढलेत. माणसं आत कामाला होती."

"अकरा वाजता आपलाही रस्ता छान दिसतो."

"मग? आपल्याकडे कुठे बस आहे? चाललाय ना कारखाना?"

सुनेत्राने दुसरा कागद पुढे केला. "सकाळच्या शिफ्टला वर्षभरात बावन्न जण घेतले. सदतीस सोडून गेले. मशीनवर हात बसायला तीन आठवडे लागतात. आपण वर्षभर नुसते शिकवत बसलोय."

"ही मुलंच टिकत नाहीत यार. हल्लीची बॅच ना..."

"सोमवारी मीही हेच बोलले. तू युनिला असताना कामाला कसा जायचास?"

"ट्रेनने. स्टेशनला लागूनच होतं..." नरेंद्र म्हणाला.

"माझ्या दारात ट्राम होती," सुनेत्रा म्हणाली.

नरेंद्रने खिडकीबाहेर पाहिलं. मग तो जरा नरमाईने म्हणाला, "आणि सायडिंगचं काय? सान तादेओला माल ट्रकने न्यावा लागेल."

"एकोणीस किलोमीटर. नेऊ. माल थकत नाही, आणि सोडूनही जात नाही."

"बोर्डाला नाही पटलं तर मेक्सिकोचं काम दुसऱ्या कुणाकडे जाईल. माहीत आहे ना?"

"माहीत आहे. सही मी केलीय."

नरेंद्रने चष्मा पुन्हा घातला. मग त्याने पेन घेऊन तिच्या सहीशेजारी आपली सही केली. "बोर्डाला म्हणू, दोन्ही फाटकांवर सकाळी सहाला माणूस उभा करा आणि मग ठरवा."

तेवढंच त्यांनी मागितलं आणि बोर्डाने तेवढंच केलं. सहा आठवड्यांनी निर्णय आला तो सान तादेओच्या बाजूने.

पण त्याआधी, त्याच गुरुवारी दुपारी, सुनेत्राने वाहतूक खात्याला उत्तर लिहिलं होतं. शिफ्टच्या वेळा, माणसांची संख्या, कंपनीचा पाठिंबा. उत्तराला उशीर झाल्याबद्दल तिने क्षमा मागितली. अर्जदार आता हयात नाहीत, पुढचा पत्रव्यवहार त्यांच्या मुलीशी करावा, हे शेवटचं वाक्य लिहायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला. त्या आठवड्यापासून दर रविवारी ती सुखदाच्या शेजारी गाडीत बसू लागली. लॉगबुकचे तास भरत होते.

नोव्हेंबरात सहा महिन्यांच्या चाचणीसाठी बस सुरू झाली. पहिल्या सकाळी सुनेत्रा फाटकावर उभी राहिली. हातात बाबांचा तक्ता होता. सात ओळींखाली तिने फूटपट्टीने आठवी ओळ आखली आणि एक नवा रकाना जोडला : बसने. सहा चाळीसला बस वळली, दार उघडलं आणि कोरड्या बुटांनी माणसं उतरू लागली. सुखदाने उतरता उतरता मोठ्याने विचारलं, "ताई, मी किती नंबर?"

"सतरा," सुनेत्रा म्हणाली. "आणि वीस मिनिटं लवकर."

त्या दिवशी बसने एकतीस आले, पायी दोघं. तिने आकडे लिहिले आणि खाली, बाबा घालायचे तशी, तारीख घातली.

वाचकहो, प्रांत कुठलाही असो, मेक्सिकोतला, इथला किंवा आपला, उद्योग यावेत म्हणून तो रस्ते बांधतो, रूळ टाकतो, वीज आणतो. ते हवंच. पण जो रस्ता कामाच्या माणसाला फाटकापर्यंत आणत नाही, तो अजून पुरा झालेला नाही. आणि आपण, जे आधी येऊन पोहोचलो, त्यांनी मागून येणाऱ्याला आळशी म्हणण्याआधी एक सकाळ त्याच्याबरोबर चालून बघावं. आपल्या दारात कधीकाळी ट्राम होती, हे चालल्यावरच आठवतं.