गुणाबाईंचा पुकारा

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी भिवंडीच्या न्यायाधिकरणाच्या ऑनलाइन सुनावणीत गुणाबाईंचं नाव घेतलं गेलं. उत्तर आलं नाही. ‘अर्जदार गैरहजर’ अशी नोंद झाली. मागच्या तारखेलाही हेच झालं होतं. पुढच्या वेळी साक्षीला आल्या नाहीत तर दावा काढून टाकू, असं साहेबांनी सांगितलं. दावा त्यांच्या नवऱ्याच्या, अनंताच्या मृत्यूचा होता. भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामाबाहेर ट्रकखाली तो गेला होता.

दाराशी उभ्या असलेल्या रवींद्र शिपायाला राहवलं नाही. व्हरांडा रिकामा होता, तरी बाहेर जाऊन त्याने पुकारा केला.

“अंबाडीच्या गुणाबाई हजर आहेत का? गुणाबाई हाजिर है क्या?”

एकदा मराठीत, एकदा हिंदीत. उभी नोकरी त्याने हेच केलं होतं. त्याचा आवाज आला की लोक चहाचा ग्लास तसाच ठेवून घाबरेघुबरे धावत येत.

ऑनलाइन सुनावणीच्या सुधारणेचं काम नेत्राकडे होतं. दुसऱ्या दिवशी ती अंबाडीला गेली.

“मावशी, काल होतात कुठे?”

“हितंच. सकालपासून फोनसमोर बसलेली. पानी प्यायला पन उठली न्हाय.”

“मग बोलला का नाहीत?”

“कोनी बोलवलंच न्हाय!”

नेत्राने फोन पाहिला. फोन आला की रिंग नीट वाजत होती, पण सुनावणीचा आवाज पार खाली गेलेला.

“कोर्टात तो मानूस वरडतो ना, पार चायवाल्यापर्यंत,” गुणाबाई म्हणाल्या. “तसा वरडला असता तर मेलेला पन उठला असता.”

बोलून गेल्यावर त्यांची नजर भिंतीवरच्या अनंताच्या फोटोकडे गेली.

भिवंडीला परतून नेत्राने रवींद्रला गाठलं. “दादा, नंबर जवळ आला की त्या माणसाला फोन जाईल, अशी सोय करतेय. आवाज तुमचा द्याल?”

“इतकी वर्षं सरकारला दिलाच आहे.”

पहिल्यांदा तो रेडिओवरच्या निवेदकासारखा हळुवार बोलला.

“असं नको. व्हरांड्यातला द्या.”

त्याने दिला. बाहेर बाकावर बसलेले दोघे उठून उभे राहिले. रवींद्रने दारातून डोकावून त्यांना बसवलं. तेव्हापासून दिवसाची नावं तो आधीच रेकॉर्ड करून देऊ लागला.

पुढच्या तारखेला अंबाडीत फोन वाजला. पडद्यावर एकदम नुसतं लुगडं दिसू लागलं.

“हाय, हाय! हजर हाय मी!”

“बाई, बसा. बसूनच सांगा,” साहेब म्हणाले.

साक्ष झाली. संपल्यावर त्यांनी विचारलं, “साहेब, तो बोलवनारा हाय का तिथं?”

साहेबांनी रवींद्रला कॅमेऱ्यासमोर बोलावलं.

“बरा बोलवलास रं, दादूस. लई उपकार झाले.”

पुकाऱ्याला आजवर लोक दचकले होते. आभार कोणी मानले नव्हते. कुठे पाहायचं ते रवींद्रला कळेना. त्याने दाराकडे पाहिलं.

महिनाअखेरीस तो निवृत्त झाला. त्याच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. दाव्याचा निकालही लागलेला नाही. पुढच्या तारखेच्या यादीत गुणाबाईंचं नाव आहे. ते रवींद्रने जाण्याआधीच रेकॉर्ड करून ठेवलं आहे.