मुंग्यांनी पास केलेला अर्ज

लोणावळ्याच्या यार्डात मी एकतीस वर्षं पॉइंटमन होतो. त्या काळात जेवढ्या गाड्या वळवल्या त्याहून जास्त गोष्टी मी वळवल्या, असं आमच्या वाडीतले लोक म्हणतात. म्हणू देत. एका श्रावणात धुकं इतकं दाट पडलं होतं की मी अंगातला ओला कोट काढून त्या धुक्यावरच वाळत घातला. दुपारी ऊन आलं, धुकं विरलं आणि कोट एका गार्डसाहेबांच्या डोक्यावर पडला. ही हकिगत मी लोहगडवाडीच्या टपऱ्यांवर बसून ट्रेकवाल्यांना किती वेळा सांगितली असेल त्याला गणती नाही. अजून कोणी मला खोटं पाडलेलं नाही, कारण साक्षीदार म्हणावं तर एक धुकंच होतं आणि ते पळून गेलं.

या कीर्तीपायीच शालूबाई अर्ज घेऊन माझ्या ओट्यावर आली.

वलवणच्या धरणाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. शालूबाई तिथंच, माझ्यापासून चौथ्या घरात राहते. दिवसा लोणावळ्यात चिक्कीच्या कारखान्यात खोकी भरते आणि उरलेल्या वेळात देव आणि राक्षस बनवते. आमच्या चैत्रातल्या जत्रेत सोंगं निघतात. गणपती, मारुती, रावण, नरसिंह, हिडिंबा, वेताळ अशी बारा. त्या बारांचे मुखवटे कागदाच्या लगद्याचे आणि ते सगळे शालूबाईच्या घरातले. गेल्या आषाढात वाऱ्यानं तिच्या पडवीचे पत्रे उचलून नेले आणि दोन दिवस भिंतीवरच्या मुखवट्यांवर पाणी पडत राहिलं. आधी रावणाचं नाक गेलं, मग गणपतीची सोंड. तिसऱ्या दिवशी बारातले नऊ जण जमिनीवर लगदा होऊन पडले होते. उरले तिघं, हिडिंबा, वेताळ आणि एक मारुती.

दसऱ्याला गावकीची बैठक झाली. जत्रेच्या आत बारा मुखवटे तयार नसतील तर यंदापासून सोंगं बंद, त्या जागी फ्लेक्सवर छापलेले देव ट्रॅक्टरवर उभे करायचे आणि पुढं डीजे लावायचा, असं ठरलं. कारखान्यातून रोज संध्याकाळी सातला घरी येणारी बाई पाच-सहा महिन्यांत नऊ मुखवटे करणार कशी? आणि वाळवणार कुठं?

तेव्हा बाजारपेठेत ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या अल्फियानं तिला सांगितलं की पुण्यातली एक संस्था लोककलेला अनुदान देते. अल्फिया म्हणजे माझा जुना दोस्त नूरमहंमद, त्याची थोरली. पोरगी हुशार, बोटं मशीनसारखी चालतात. ती म्हणाली, मजकूर तुम्ही आणा, मी टाइप करते.

मजकूर म्हटल्यावर वाडीत दुसरं नाव कोणाचं येणार?

खोटं कशाला सांगू, तो अर्ज लिहिताना मला जी मजा आली ती पेन्शनच्या कागदावर सही करतानाही आली नव्हती. ‘आपल्या कलेचा इतिहास’ असा रकाना होता. मी म्हटलं, इतिहास म्हणजे जुनं पाहिजे, आणि जेवढं जुनं तेवढं वजन. कलेला चारशे वर्षं देऊन टाकली. वाटेत एका सरदाराला राजमाचीवरून उतरवलं, आमच्या वाडीत सोंगं बघायला बसवलं आणि खूश होऊन एक ताम्रपट करून द्यायला लावला. परदेशातल्या एका म्युझियममध्ये आमचा वेताळ काचेच्या पेटीत ठेवला. ‘अपेक्षित परिणाम’ या रकान्यात जगभर दौरे लिहिले. शालूबाईनं न वाचता सही केली. ती म्हणाली, तुमी शिकलेलं माणूस, तुमाला कळतं.

टाइप करताना अल्फियाची बोटं ताम्रपटापाशी थांबली. आबा, हा आहे ना नक्की, असं तिनं विचारलं. देवाच्या पेटीत आहे, मी म्हणालो. तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली की तिच्या बापाची आठवण झाली. पण पाठवून दिलं.

बाराव्या दिवशी, शनिवारी, कारखान्यात शालूबाईच्या मोबाइलवर संस्थेतून फोन आला. राजेश्वरी मॅडम म्हणून कोणी होत्या. अर्ज पहिल्या चाळणीतून पुढं आला होता. मॅडम म्हणाल्या, ताम्रपटाबद्दल आम्हाला फार उत्सुकता आहे, त्याचा फोटो सोमवारी पाच वाजेपर्यंत पाठवा. अर्जात काही दुरुस्ती असेल तर तीही तेव्हापर्यंत करता येईल. शालूबाई हो हो म्हणाली, फोन ठेवला आणि हातातलं काम संपवून माझ्याकडं आली.

“आबा, ताम्रपट म्हंजी काय?” तिनं विचारलं.

मी सांगितलं. मग तो कुठं आहे हे तिनं विचारलं. तेही सांगावं लागलं.

ती ओट्याच्या कडेला टेकली. मी घाईनं उपाय सुचवला. माझ्याकडं अंघोळीचा तांब्याचा जुना बंब होता, त्याचा पत्रा काढून तळेगावात माझ्या ओळखीचा एक नावं कोरणारा आहे त्याच्याकडून चार ओळी मोडी लिपीत कोरून घेऊ, वर चिंच लावून मातीत पुरून ठेवू, सोमवारपर्यंत चारशे नाही तरी दीडशे वर्षांचा दिसेल. शालूबाईनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, उद्या मला सुट्टी हाय, सकाळी अल्फियाच्या दुकानात या, बंब घरी ठेवून.

रविवारी सकाळी दुकानात आम्ही तिघंच होतो. शालूबाईनं अल्फियाला आख्खा अर्ज मोठ्यानं वाचायला लावला. माझं लिखाण दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना पहिली दोन वाक्यं मला छाती फुगवावीशी वाटली. तिसऱ्याला मी खुर्चीत खाली सरकलो. सरदार आला, म्युझियम आलं, दौरे आले. अल्फिया अगदी सपाट आवाजात वाचत होती, त्यामुळं ते आणखीच वाईट लागत होतं.

वाचून झाल्यावर शालूबाईनं विचारलं, “आबा, ह्यात मी कुटं हाय?”

मी अर्ज हातात घेऊन शोधायला लागलो. खरंच शोधत होतो. चार पानांत तिचं नाव एकदा होतं, सहीपाशी.

“माजा दरवाजा वाजवला न्हाई तुमी,” ती म्हणाली. “सरदाराचा वाडा बांधून आलात.”

एकतीस वर्षांत साहेब मला काय काय बोलले असतील. एवढं कधी लागलं नव्हतं.

मग तिनं अल्फियाचा फोन मागितला, स्पीकर लावायला सांगितला आणि स्वतः राजेश्वरी मॅडमना लावला. रविवार असूनही त्यांनी उचलला. शालूबाई म्हणाली, “मॅडम, ताम्रपट न्हाई. कधीच नव्हता. आमच्या आबांनी लिवलं, आन मी वाचलं न्हाई. चूक माजी हाय.”

मॅडम म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंत. पुढं खोटं निघालं असतं तर मला अर्ज बाद करावा लागला असता. उद्या पाचपर्यंत खरा पाठवा. जुनं असायलाच पाहिजे असं नाही, शालूबाई. तुम्ही काय करता आणि कशासाठी पैसे लागतात, एवढंच लिहा.”

फोन ठेवल्यावर शालूबाईनं मला काम दिलं. रकान्यातले प्रश्न वाचायचे, ती सांगेल ते लिहायचं आणि मधे बोलायचं नाही. मी एका ठिकाणी हळूच ‘प्राचीन’ लिहिलं. अल्फियानं माझ्या खांद्यावरून वाकून ते खोडलं. ‘अद्वितीय’ही गेलं. दुपारपर्यंत माझं एकही विशेषण शिल्लक राहिलं नाही.

पण जे उतरत गेलं ते ऐकून मी विशेषणं विसरलो. वाडीत राहून मला निम्मं माहीत नव्हतं. चारशे वर्षं नाही, एक्केचाळीस वर्षं. त्या साली भाड्याचे मुखवटे देणाऱ्यानं ऐन जत्रेआधी आठ दिवस नकार कळवला. शालूबाईची सासू चंपा तेव्हा चिक्कीची खोकी चिकटवायला जायची. गूळ सांडून डागाळलेली खोकी मालक फेकून द्यायचे. तिनं ती पोतंभर घरी आणली, भिजवली, कुटली, चिंचोक्याची खळ घातली आणि मातीच्या साच्यावर थापून आठ दिवसांत बारा तोंडं उभी केली. जत्रा झाली. पण चौथ्या दिवशी गुळापायी नरसिंहाला मुंग्यांनी खाल्लं. पुढच्या साली चंपानं लगद्यात मेथीची पूड आणि कडुनिंबाचा पाला वाटून घातला आणि एक नियम घातला. मुखवटा वाळला की रंगवायच्या आधी मुंग्यांच्या वारुळाशी ठेवायचा. मुंग्या चढल्या तर मेथी कमी पडली, पुन्हा भिजवायचा. चढल्या नाहीत तर रंग द्यायचा. शालूबाई आजही तसंच करते.

‘आपल्याला काय हवं आहे’ या रकान्यात तिनं तीन गोष्टी सांगितल्या. पडवीवर न उडणारं छप्पर. सहा महिने बिनपगारी रजा घेता येईल एवढं घरखर्चाला. आणि वाडीतल्या चार बायका शिकायला तयार आहेत त्यांना हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, कारण फुकट शिकायला वेळ कोणालाच नाही. शेवटचा प्रश्न होता, अनुदान मिळालं नाही तर काय होईल. मला वाटलं ती आता रडेल.

ती म्हणाली, “न्हाई मिळालं तर मी खोकी भरत ऱ्हाईन, आन चैतात देव फ्लेक्सचं निगतील. दुसरं काय व्हनार.”

मी ते जसंच्या तसं लिहिलं. तिच्याच बोलीत. अल्फिया म्हणाली, हे शुद्ध करू नका.

फोटो जोडायचे होते. उरलेल्या तिघांचे झाले. मग शालूबाईनं घरून एक पोतं आणलं. भिजून गेलेल्या नऊ मुखवट्यांचा लगदा तिनं वाळवून ठेवला होता, तिला तो फेकवला नव्हता. त्यात रावणाचं नाक अजून नाकासारखं दिसत होतं. अल्फियानं त्याचा फोटो काढला. सोमवारी साडेतीनला अर्ज गेला.

महिन्याभरानं राजेश्वरी मॅडम स्वतः आल्या. उंच, पिकल्या केसांची बाई, पायात चालायचे बूट. हातात आमचा अर्ज, आणि त्यात एकाच ओळीभोवती लाल पेनानं गोल केलेला. पडवी बघितली, साचे बघितले, चार बायकांशी बोलल्या. मग माझ्याकडं वळून अगदी गोड हसल्या.

“बाकी सगळं पटलं,” त्या म्हणाल्या. “हे मुंग्यांचं मात्र तुम्ही घातलेलं दिसतंय, अंबाजीबाबा.”

देवाशपथ म्हटलं असतं तर आमची चंपासुद्धा वरून हसली असती. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्यावर हा पहिलाच खोटा आळ होता, आणि तो आला तो शालूबाईच्या मुळावर. तिनं अर्ज खरा केला आणि माझ्या सावलीनं पुन्हा खोटा झाला.

शालूबाईनं काही वाद घातला नाही. आतून लगद्याचे दोन कान आणले, चार बायकांना दाखवायला मारुतीच्या साच्यावर थापलेले. एकात मेथी होती, दुसऱ्यात घातलेली नव्हती. परसात भोपळ्याच्या वेलाखाली मुंग्यांची रांग चालू होती, तिच्या कडेला दोन्ही कान ठेवले आणि मॅडमना चहा दिला. मी चहा घेतला नाही. गुडघ्यावर बसून मुंग्यांकडं बघत राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला खरं वागा म्हणून विनवत होतो, आणि ते माणूसही नव्हतं.

पहिली मुंगी आली, मेथीच्या कानाशी मिशा हलवल्या आणि वळून गेली. दुसरी तशीच गेली. तिसरी बिनमेथीच्या कानावर चढली, उतरली, परत जाऊन चौघींना घेऊन आली. पंधरा मिनिटांत तो कान काळा झाला. मेथीच्या कानाभोवती त्यांनी वळसा घालून नवी वाट पाडली. मॅडम कप हातात धरून वाकून बघत होत्या. मग त्यांनी पेन काढलं, लाल गोलाशेजारी बरोबरची खूण केली आणि तारीख घातली.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अल्फियाच्या दुकानात मॅडमचा फोन आला. शालूबाईनं ऐकलं, व्हय म्हणाली, आणखी दोनदा व्हय म्हणाली, आणि अल्फियाच्या फिरत्या खुर्चीत बसली. छप्पर, सहा महिने, चार बायकांची हजेरी, सगळं मंजूर. तिनं डोक्यावरचा पदर काढून चेहरा पुसला आणि कितीतरी वेळ नुसती बसून राहिली, लांबच्या पल्ल्याच्या गाडीत शेवटी जागा मिळालेल्या माणसासारखी. माझ्या छातीवरून तर आख्खी मालगाडी उतरली. डबे मोजत बसलो नाही.

तेवढ्यात मॅडमनी फोन माझ्याकडं द्यायला सांगितला. अल्फियानं त्यांना धुक्यावरच्या कोटाची गोष्ट सांगितली होती. मॅडम म्हणाल्या, आता तुम्ही खरं बोलायला लागलात म्हणून विचारते, बाबा, ते खरं आहे का?

मी घसा साफ केला. दोन महिन्यांत मला सुधारल्यासारखं वाटायला लागलं होतं. नाही मॅडम, असं म्हणणारच होतो, तर शालूबाईनं खुर्चीतून हात लांब करून माझ्या हातातला फोन घेतला.

“खरं हाय मॅडम,” ती म्हणाली. “त्यो कोट खाली पडल्यावर मीच झटकून दिला.”