कोगर दरीच्या मापाचा पंप

कोगर दरीत ऊन उशिरा उतरतं आणि लवकर निघून जातं. दोन्ही बाजूंचे डोंगर इतके जवळ आलेले, की आभाळ म्हणजे वर ताणलेली एक निळी पट्टी. रोवीना पोचली तेव्हा भर दुपार होती, आणि तरी रस्त्याकडेच्या निम्म्या घरांच्या ओसरीवर दिवे जळत होते. फिक्कट, उन्हात विरघळलेले. ती खाली बघत चालली.

पंपघराचं लोखंडी झाकण उघडून डेंझिल वाट बघत उभा होता. पाणीमंडळाचा माणूस, शाळेत तिच्याच वर्गातला.

"ये. तुझं लेकरू नासलंय बघ."

"लेकरू माझं, पण सांभाळायला तुझ्याकडे दिलं होतं."

"सांभाळतोय की. पण त्याला कुणी जेवायलाच घालत नाही."

झाकणातून सडक्या अंड्यांचा वास वर आला आणि रोवीनाने तोंड फिरवलं. जमिनीत उतरवलेली ती विहीर, तळाशी पंप. दरीतल्या घरांचं सांडपाणी उताराने विहिरीत जमायचं, पुरेसं भरलं की पंप आपोआप सुरू व्हायचा आणि ते डोंगरापलीकडच्या गावात, शुद्धीकरणाच्या टाक्यांत ढकलून द्यायचा. विहिरीची रुंदी, पंपाची ताकद, डोंगर चढणारा पाइप, सगळं तिनं आखलं होतं. असली पंपघरं आखणं हेच तिचं काम. शहरातल्या कारखान्यात जागेजागेच्या मापाने ती बनत. पण हे एक तिने मागून घेतलं होतं.

कारण तोवर दरीतल्या प्रत्येक घराचा मैला मागच्या पाइपातून थेट ओढ्यात पडायचा. आजोबांच्या वेळेपासून. ओढा दाराशी, आणि पोरांना त्यात पाय घालायची बंदी. पश्चिम व्हर्जिनियाच्या त्या कोपऱ्यात बाहेरचं कुणी याची लाजही बाळगत नव्हतं. लाज दरीनेच बाळगली होती.

"पाइपात पाणी पुढे सरकतच नाही," डेंझिल म्हणाला. "आज ढकललेलं परवापर्यंत डोंगराच्या पोटात पडून राहतं. काळं होतं, गॅस धरतं. पलीकडे चर्चजवळ बाहेर पडतं तेव्हा लोक प्रार्थना अर्धी टाकून घरी जातात. तिथलं काँक्रीट तर बोटाने उकरावं इतकं मऊ झालंय."

"विहीर अर्धी भरून लहान केली तर? पंप बदलला तर?"

"तूच सांग. पाइप लहान करता येईल?"

पाइप डोंगरात पुरलेला होता. तो पुन्हा उकरायला कुणी पैसे देणार नव्हतं. पाइपाला पाणी हवं होतं आणि पाण्याला माणसं.

माणसं मोजताना चूक झाली होती. बाहेरचा कुणी इंजिनिअर असता तर दारोदार हिंडला असता, कडी वाजवली असती. रोवीनाला त्याची गरज वाटली नाही. कुठलं घर कुणाचं हे तिला पाठ होतं. चालू वीजमीटरांची यादी तिने मागवली आणि तिच्यावरून वस्ती धरली. आणि दरीची रीत तर तिच्या रक्तातली होती: खाण बंद पडून माणूस ओहायोला गेला, किंवा म्हातारी वारली, तरी घराची वीज तोडायची नाही. ओसरीवरचा दिवा जळता ठेवायचा. चोरांना वाटावं, आत कुणी आहे. खरं तर आपल्यालाच वाटावं. तिच्या आईला जाऊन किती उन्हाळे झाले, त्या घराचं वीजबिल रोवीनाच भरत होती. मोजताना तिने तेही घर वस्तीतच धरलं होतं.

"मंडळाला तुझं मत हवंय," डेंझिल म्हणाला. "चालवायचं की बंद करायचं. माझ्या मतावर कोण जातंय? मी आपला मैल्याचा राखणदार."

ती वर निघाली, आईच्या घराकडे. आणि दारातच थबकली. आत पाणी वाहत होतं.

न्हाणीत ऑपल मावशी, आईची धाकटी बहीण, टबच्या काठावर बसली होती. नळ पूर्ण सोडलेला. मांडीवर किल्ल्यांचा जुडगा.

"अगं, तू होय. पाय पुसून ये, आत्ताच झाडलंय."

"मावशी, काय चाललंय हे?"

"डेंझिल म्हणाला, पंपाला पाणी पुरत नाही. म्हटलं, गेलेल्या सगळ्यांच्या घरांच्या किल्ल्या माझ्याकडेच आहेत. सकाळी पलीकडची बाजू करते, दुपारी ही. नळ सोडायचे, संडास ओढायचे. मेलीसच्या घरचा नळ आधी लाल पाणी ओकतो, मग खुलतो. माणसासारखंच, बरेच दिवस न बोललेल्या."

खाली, दूरवर, पंप सुरू झाला. एकसारखा, गुळगुळीत आवाज. मावशीने बोट वर केलं.

"ऐकलंस? चालला."

"हो मावशी. चालला."

"मग आता बंद नाही ना करणार?"

रोवीना तिच्या शेजारी टबावर बसली. स्वच्छ पाणी, ज्यात कुणी हातसुद्धा धुतला नव्हता, भोवरा घेत जाळीतून उतरत होतं. मावशीचे गुडघे सुजलेले होते. बुटांना ओढ्यापलीकडचा चिखल.

"पुरत नाही गं. तू दिवसभर सोडलंस तरी पुरत नाही. तू आजारी पडलीस तर?"

"मग किती हवं?"

"जेवढी आपण पूर्वी होतो तेवढी माणसं. रोज आंघोळ करणारी, भांडी घासणारी."

मावशी हसली. "तेवढी आहेत की. वर टेकडीवर, दगडाखाली. त्यांना सांग आंघोळीला उतरायला." मग हसू ओसरलं. "म्हणजे बंदच."

"डोंगरापलीकडच्यांना त्रास होतोय, मावशी. मला तसंच सांगावं लागेल."

"आणि माझ्या न्हाणीचं पाणी?"

रोवीनाला उत्तर माहीत होतं. मावशीलाही माहीत होतं. तरी तिने ते भाचीच्या तोंडून ऐकायची वाट पाहिली.

"ओढ्यात," रोवीना म्हणाली. "पूर्वीसारखं."

मावशीने नळ बंद केला. नळ थेंब थेंब गळत राहिला म्हणून तो आणखी आवळला. "तुझी आई म्हणायची, माझी पोर हा ओढा धुऊन देणार. मी म्हणायचे, देईल, देईल." तिने किल्ली जुडग्यातून काढून रोवीनाच्या हातात ठेवली. "हे तुझं घर. तूच लाव कुलूप. मी आता फिरत नाही."

पानं तांबडी झाली तेव्हा डेंझिलने घराघरांमागच्या जुन्या पाइपांची बुचं काढली. मावशीकडचं काढताना ती पडवीत उभी होती. तिने त्याला कॉफी दिली, त्याने ती उभ्या उभ्या प्यायली, आणि दोघांपैकी कुणी ओढ्याकडे पाहिलं नाही.

मग त्याने आणि रोवीनाने साखळी लावून पंप वर ओढला. तो हळूहळू उजेडात आला, पाणी निथळत. रोवीनाने हात घालून आतलं पातं चाचपलं. धार जशीच्या तशी होती. झीज नव्हती, ओरखडासुद्धा नव्हता.

"नवाकोरा," डेंझिल म्हणाला. "दुसरीकडे कुठे बसव. फुकट का घालवायचा?"

"बसणार नाही."

"का? पंप तो पंप."

"एवढी चढण, एवढा लांब पाइप, एवढी घरं. हे सगळं धरून केला होता तो." तिने हात चिंधीला पुसले. "दुसऱ्या कुठल्या जागेला तो लागू पडत नाही."

डेंझिलने तो गाडीत आडवा घातला, दोराने बांधला आणि स्टिअरिंगशी बसला. गाडी सुरू केली, पण हलवली नाही.

"मग कुठे नेऊ?" त्याने विचारलं.

तिने दोराची गाठ पुन्हा एकदा आवळली.