काळी पडलेली कवळी

"हे रबर हाय की मोटारीच्या चाकाचा तुकडा?" असं ओरडत गोदूबाईनं तोंडातली कवळी काढली आणि लवूच्या टेबलावर आपटली.

लवूचं दुकान मांडवीच्या रस्त्यावर. मुंबईत एका दातांच्या डॉक्टरकडे बारा वर्षं राबून तो लाल रबरात दात बसवून कवळ्या घडवायला शिकला होता. एकतीस साली आख्ख्या रत्नागिरीत हे काम करणारा तो एकटा. गोदूबाई मासळी विकायची. दात होते तेव्हा तिची हाक ऐकून गुहागरची मांजरं पोहत येत. दात गेले आणि हाकेतली हवाच गेली. लवूनं कवळी बसवली तशी मांजरं पुन्हा निघाली. निम्म्या वाटेवर आलेली तर मी स्वतः पाहिली आहेत. आणि आता चार महिन्यांत ती कवळी चुलीतल्या कोळशासारखी!

दुकानापुढे अर्धा बाजार गोळा झाला.

"फशिवलंस मला!" गोदूबाईचं बोळकं थरथरत होतं. "लालबुंद रबर दाखवलंस नि हे भंगार तोंडात कोंबलंस. दुकानावरची पाटी उतरव तुझी!"

लवूची कानशिलं तापली. "जीभ सांभाळ, गोदूबाय! मुंबईचे साहेब माझ्या हातचे दात घालून मटण तोडतात." त्यानं कवळी उचलून हुंगली. "धूर! धूर मुरलाय ह्या रबरात. दात बघ, चिनी मातीचे, तेसुद्धा पिवळे केलेस. विडी तू ओढायची आणि बोंब माझ्या नावानं?"

"थोबाड फोडीन!" गोदूबाईची सून मथुरा गर्दीतून पुढे आली. "आमच्या आयनं विडी सोडलीय. ह्यांचं गलबत कालिकतास्न परत येईपर्यंत हात लावणार नाय, असा देवीला नवस केलाय. दोन वर्सं झाली. त्या नवसावर मी कुंकू लावत्ये, कळलं?"

"नवसाच्या बाईवर आळ घेतोस?" गर्दीतला रावजी तांडेल, बंदरावरच्या खलाशांचा म्होरक्या, गरजला. "तुझी जीभ झडंल, लव्या!"

लवूनं कवळी उलटी केली. टाळूच्या बरोबर मध्ये रबर जळून खोलगट झालं होतं, विडीच्या टोकाएवढं गोल. नुसत्या धुरानं रबर काळवंडतं, जळत नाही. वाऱ्यात विडी विझू नये म्हणून खलाशी तिचं पेटतं टोक तोंडात धरून ओढतात, हे बंदरावर पोराटोरांनाही ठाऊक. बाहेरून ठिणगी दिसत नाही.

पुरावा हातात होता. रावजीपुढे नुसता धरला असता तरी पुरे होतं. लवूनं संतापून गोदूबाईकडे पाहिलं. तिनं पदर तोंडावर गच्च दाबला होता, आणि ती लवूकडे नाही, मथुरेच्या कपाळाकडे बघत होती.

लवूच्या तोंडी दहा शिव्या आल्या. दहाही त्यानं गिळल्या. एखादी घशात अडकली असणार, कारण पुढे जन्मभर तो खाकरतच राहिला. जळकी खाच त्यानं अंगठ्याखाली झाकली.

"रबर कच्चं राहिलं," तो खेकसला. "शिजवताना गंधक कमी पडला. चूक माझी. झालं समाधान? व्हा चालते!"

पाटी रावजीनं आपल्या हातानं उतरवली.

दुसऱ्या दिवशी दुकानात कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी भर दुपारी गोदूबाई एकटीच आली आणि खुर्चीत बसली.

"सुटत नाय रे, लवू. बंदरात येणारी तारवं मोजत बसल्ये का हात आपसूक..."

"गप बस!" लवूनं टेबलावर मूठ हाणली. "तुझ्यापायी नाव बुडालं माझं! नवस तू मोडलास, देवीला काय सांगायचं ते तू सांग. पण म्हातारे, ओढायची तर कवळी काढून तरी ओढायची होतीस! आ कर."

तिनं आ केला. टाळूला ताजा फोड होता.

लवू तोंडातल्या तोंडात शिव्या देतच राहिला. नव्या कवळीच्या मापाचं मेण त्यानं गरम पाण्यातून काढलं, आणि ते कोमट होईपर्यंत त्यावर फुंकर घालत उभा राहिला.