कासवाला कुंकू

मी एक जुनं व्यंगचित्र बोलतोय. हसलात? हसा बापडे! लोकांच्या हसण्यानंच माझं वाटोळं केलंय.

हैदराबादच्या एका वर्तमानपत्रात जन्मलो तेव्हा काय तो माझा रुबाब! विधानसभेच्या पायऱ्या चढणारं कासव, त्याच्या पाठीवर बांधलेला कायद्याचा मसुदा, आणि वरून आमदार ओरडतायत, "सावकाश ये रे, घाई नाही!" मला वाटलं, उद्या सरकार खडबडून उठणार. कसलं काय! दुसऱ्या दिवशी माझ्या भावंडांवर, म्हणजे त्या अंकाच्या बाकीच्या प्रतींवर, लोकांनी भजी खाल्ली. मी तेवढा वाचलो. आदिलाबादकडच्या एका हौशी सरपंचानं मला कापून, काचेत बसवून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर टांगलं.

तिथं आणखीच गंमत. देवळात देवापुढं कासव असतं ना, म्हणून शिपाई रामाजीनं दसऱ्याला खुर्ची आणि कपाटाबरोबर मलाही हळद-कुंकू वाहिलं. जन्मलो मी टोचायला, आणि लोक पडतात पाया! खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं.

गावच्या अंगणवाडीतल्या नीलिमाताई मात्र कधी हसल्या नाहीत. वस्ती आणि अंगणवाडी यांच्यामध्ये नाला. पावसाळ्यात त्या लेकरांना कडेवर घेऊन पाण्यातून आणतात. दर ग्रामसभेत त्या छोटा पूल मागायच्या, आणि कुणीतरी माझ्याकडं बोट दाखवायचं, "ताई, आपलं कामबी ह्या कासवावानीच हाय!" हशा, चहा, आणि विषय पुढच्या सभेत. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, त्यातलं एक मी. आणि तिकडं मी खुशीत, की माझा विनोद अजून चालतोय!

यंदा दसरा तोंडावर आला होता. ग्रामसभेत नव्या सरपंच ताराबाई म्हणाल्या, "नवं कपाट आलंय. हे चित्र काढा."

रामाजी हात जोडून उभा. "बाई, देवाचं कासव हाय! असं कसं काढता?"

अर्धी सभा रामाजीकडून, अर्धी ताराबाईंकडून. दुपार सगळी माझ्यावरच गेली. मी फुगलो, काच तडकायचीच बाकी.

तेवढ्यात नीलिमाताई आत आल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. आत्ताच लेकरं पोचवून आल्या होत्या. आज त्यांच्या हातून एक पोरगी निसटली होती; झग्याला धरून ओढली म्हणून वाचली. त्या थेट स्टुलावर चढल्या, मला खिळ्यावरून काढलं आणि काखोटीला मारलं.

"ताई, काय करून राह्यल्या?" रामाजी ओरडला.

"घेऊन चालली. पूल होईल तवा कासव भेटंल."

"आन् दसऱ्याची पूजा?"

"लेकरू वाहून गेल्यावर कोनाची पूजा करसान?"

ताराबाईंनी तिथंच पुलाचा ठराव लिहायला लावला आणि पहिली सही स्वतः केली. दुसऱ्या सकाळी रामाजीच माणसं घेऊन नाल्यावर हजर, मोजायची टेप धरून.

आता मी अंगणवाडीत असतो. पोरं काचेवर नाक लावून मला वेडावतात. खिडकीतून पुलाचे खांब दिसतात. इतकी वर्षं टोमणे मारून जे मला जमलं नाही, ते चोरीला गेल्यावर जमलं!

म्हणून हात जोडून सांगतो, तुमच्या गावात माझ्यासारखं कुणी भिंतीवर असेल, तर हसत बसू नका. उचला आणि पळा.