दोन हात चांदीचा रंग

एकवीस वर्षं नौदलात रडार दुरुस्त केली आणि माझी लाज निघाली ती नागपुरात, अंबाझरी तलावावर.

तिथं आमच्या प्रशिक्षण केंद्राची एक लहानशी लाँच होती. तिच्यावरचं रडार कुठल्याशा मोडीत निघालेल्या जहाजावरून काढून आणलेलं. पडद्यावर किनारा कसा ओळखायचा, हे पोरांना त्यावर शिकवायचो. लाँच चालवायला मौद्याकडचे चंपतराव होते, हंगामी नोकरीवर. रडार गेलं की वर्ग बंद, वर्ग बंद की लाँच बंद, आणि चंपतराव घरी. हे सगळं ठाऊक असूनही मी अहवाल लिहून दिला : लहरी तयार करणारी मुख्य नळी संपली आहे, नवी मिळत नाही, संच मोडीत काढावा.

त्याआधी सोळा दिवस झगडलो होतो. वरचा अँटेना गरगर फिरत होता. मीटरचे काटे हवे तिथंच होते. व्हॉल्व्ह बदलले, केबल वीतवीत तपासली, तरी पडदा कोरा. दोष सापडत नाही असं लिहायला हात जड झाला, म्हणून यंत्राच्या म्हातारपणावर ढकललं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

सोमवारी दुपारी ट्रक येणार होता. सकाळी मी पेचकस घेऊन स्क्रू सोडवायला बसलो. चंपतराव शेजारी उभे.

"साहेब, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त सारं दिसत होतं जी. तलावाची पाळ बी, मधातलं बेट बी."

माझा हात थांबला. आमच्या उमरेडच्या घरी मागावरचा धागा तुटला की बाबा धाग्याला हात लावायच्या आधी विचारत, काल मागाला कोणी हात लावला? सोळा दिवसांत मी हे एकदाही विचारलं नव्हतं.

"मंग काय केलं?" मी विचारलं.

"काही नाही जी. पूजा केली. त्याच्या आंधी वरच्या डोक्याले चांदीचा रंग मारला. दोन हात."

मी शिडी चढलो. अँटेनाच्या तोंडावरची पट्टी, जिच्यातून लहरी बाहेर पडतात, ती चकचकत होती. चांदीच्या रंगात धातूची पूड असते; लहरी तिथंच अडतात. बाजूला पाटी होती, रंग लावू नये म्हणून.

"पाटी नाही दिसली काय गा?"

"इंग्रजीत हाय जी ते." मग हळूच म्हणाले, "तुमीच त म्हनलं होतं, चंपतराव, अँटेना नवरदेवावानी दिसून राहिला."

म्हणालो होतो. नारळही मीच फोडला होता. जे करू नका म्हणून शेकडो खलाशांना ओरडून सांगितलं होतं, तेच समोर चमकत होतं आणि मी डोळे मिटून हात जोडले होते. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

टर्पेंटाइनचा बोळा आणि बांबूची कामटी घेऊन दोघांनी दोन तास ती पट्टी साफ केली. संच सुरू केला. आधी पाळीची वाकडी रेघ उमटली, मग बेट. चंपतराव पडद्यावर वाकून बघत राहिले. त्यांनी डोळे पुसले, मी दुसरीकडे पाहिलं.

ट्रकबरोबर केंद्राचे मोठे साहेबही आले. पडदा पाहून त्यांनी विचारलं, "मग झालं काय होतं?"

"तोंडावर रंग बसला होता, साहेब."

"मारला कोणी?"

हंगामी माणसाला काढायला कागदही लागत नाही. चंपतराव पुढं झाले, तोच मी म्हणालो, "मी."

"एकवीस वर्षं नौदलात काढून?" साहेबांनी सगळ्या पोरांसमोर माझा अहवाल टराटरा फाडला. मागं कोणीतरी फिदकन हसलं. मान खाली घालून उभा राहिलो. ट्रक रिकामा परत गेला.

पोरं पांगल्यावर चंपतराव जवळ आले.

"साहेब, काहून घेतलं जी तुमी आपल्या अंगावर? रंग त म्या मारला होता."

"तुमाले माहीत नव्हतं गा," मी म्हणालो. "मले होतं."