कूम ऑयरच्या कड्यावरचा रेडिओ

मी बोलतोय खरा, पण बोलणं हे माझं काम नव्हे. मी ऐकण्यासाठी जन्मलो. तुमच्या घरातल्या रेडिओसारखी गाणी आणि बातम्या माझ्या वाट्याला कधी आल्या नाहीत. आकाशातून जाणारी लष्करी विमानं एकमेकांशी आणि जमिनीशी जे बोलतात, ते पकडून माझ्या माणसाच्या कानात घालायचं, एवढंच मला येतं.

जपानमधल्या एका कारखान्यात मी तयार झालो. शेवटचा स्क्रू बसवणाऱ्या बाईने मला कानाशी धरलं, माझी खरखर ऐकली, मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं. ते खोकं उघडलं थेट इंग्लंडात, वुल्व्हरहॅम्प्टनच्या क्लिफर्ड टाँक्सच्या स्वयंपाकघरात.

क्लिफर्डने जन्मभर बस चालवली होती. लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्याने दोनच गोष्टी घेतल्या, एक दुर्बीण आणि एक मी. मला तो ‘राजा’ म्हणायचा. “राजा, बसमधली माणसं किती बडबडायची रे,” तो म्हणे, “आणि वरची बघ. चार शब्दांत काम.” ते खरंच होतं. मीही हळूहळू वैमानिकांचे आवाज ओळखायला शिकलो. कुणी कंटाळलेला असायचा, कुणी नवखा. एक गोष्ट मात्र सगळ्यांची सारखी. माणूस घाबरला की एरवी आवाज चढतो, वैमानिकाचा सपाट होतो.

क्लिफर्ड मला घेऊन वेल्समध्ये जाऊ लागला. तिथे कूम ऑयर नावाचं अरुंद खोरं आहे. हवाई दलाची विमानं त्या खोऱ्यातून इतकी खालून जातात, की कड्यावर बसलेल्या माणसाला ती आपल्या पायांखालून जाताना दिसतात. वळणावर समोरासमोर गाठ पडू नये म्हणून खोऱ्यात शिरण्याआधी प्रत्येक विमान आपली दिशा सांगतं. ते मी पकडायचो. मग क्लिफर्ड थर्मासचं झाकण लावायचा, जुना कॅमेरा उचलायचा आणि शेजारच्या हौशी मंडळींना ओरडून सांगायचा, “आली रे, उत्तरेकडून!”

“आपल्या देशात हे ऐकायला कायद्याने परवानगी नाही,” तो नव्या माणसांना बजावायचा. “कुणी आपल्याला धरत नाही, ही त्यांची मेहेरबानी. म्हणून कड्यावर ऐकलं ते कड्यावरच ठेवायचं.”

एके सकाळी कड्यावर क्लिफर्ड एकटाच होता. खालून एक उंच, हाडकुळा म्हातारा काठी आपटत वर आला. तो इद्रिस प्रॉसर, त्या डोंगरउतारावरच्या मेंढ्यांचा मालक.

“फाटकासमोर गाडी कुणाची?” तो गरजला. “मेंढरं काय टपावरून नेऊ?”

“हलवतो, हलवतो. एवढी एक विमानांची जोडी जाऊ द्या.”

“तुम्हा लोकांना झालंय तरी काय? ती धुडं माझ्या मेंढ्यांच्या डोक्यावरून जातात, त्या जीव घेऊन पळतात, आणि तुम्ही इथे चहा पीत फोटो काढता! शरम...”

तेवढ्यात माझ्यात एक आवाज आला. मुलीचा आवाज, प्राणवायूच्या मुखवट्यातल्या श्वासासकट. “दोन विमानं, उत्तरेकडून खोऱ्यात शिरतोय.” शेवटचा शब्द तिने जरासा लांबवला, त्या डोंगरातली माणसं लांबवतात तसा.

इद्रिसचं वाक्य तिथेच अडलं. काठी वर उचललेली तशीच राहिली.

विमानं पायांखालून गर्जत गेली. क्लिफर्डने फोटो काढले. इद्रिसने विमानांकडे बघितलंच नाही. तो माझ्याकडे बघत होता.

“ती पोरगी,” तो म्हणाला, “पुन्हा बोलेल?”

“बोलेल की. वळसा घालून दक्षिणेकडून येतील.”

इद्रिसने टोपी काढली आणि तो ओल्या दगडावर बसला. गाडीचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

त्यानंतर आम्ही कड्यावर गेलो की इद्रिसला तिथे काहीतरी काम निघायचंच. कधी कुंपणाची तार सैल झालेली असे, कधी एखादी मेंढी हरवलेली. क्लिफर्डला काही कळेना. कोडं उलगडलं ते इद्रिसच्या बायकोने, नेरिसने. ती एकदा बेदाण्यांचा गोड पाव घेऊन वर आली आणि क्लिफर्डजवळ बसली.

“आवाज आमच्या हेलेदचा आहे,” ती हळूच म्हणाली. “एकुलती एक. एका वर्षी विणीच्या दिवसांत विमानं खालून गेली आणि गाभण मेंढ्या बिथरून कड्यावरून खाली कोसळल्या. तेव्हापासून हे तक्रारी करतायत. आणि पोरगी त्याच कड्यावर बसून वैमानिकांना हात करायची! हवाई दलात निवड झाल्याचं सांगितलं तिने, तर हे म्हणाले, त्यांच्यात जाणार असशील तर या घरात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही. तीही यांचीच लेक. नाही ठेवलं.”

“फोनसुद्धा नाही?”

“मला करते ना. फोन वाजला की हे उठून मेंढवाड्यात जातात. मी सांगितलं म्हणून बोलू नका हं त्यांना.”

त्या दिवसापासून इद्रिस येताना दिसला की क्लिफर्ड माझा आवाज थोडा वाढवायचा.

पुढे क्लिफर्डचा खुबा गेला. डोंगर चढणं संपलं. शेवटच्या खेपेला तो कसाबसा प्रॉसरांच्या अंगणापर्यंत आला आणि मला त्याने इद्रिसच्या हातात दिलं.

“मला काय करायचाय हा?” इद्रिस म्हणाला.

“मेंढरांसाठी हो. विमान येतंय हे आधी कळलं तर गाभण मेंढ्या आत घेता येतील. आणि एक ध्यानात ठेवा, मध्ये डोंगर आला की हा बहिरा. ऐकू येईनासं झालं तर उंचावर न्यायचा.”

“मेंढरांसाठी म्हणत असाल तर ठेवतो,” इद्रिस म्हणाला आणि त्याने मला कोटाच्या आतल्या खिशात घातलं.

त्या खिशात मी बरीच वर्षं असल्यासारखा रुळलो. लोकरीचा, तंबाखूचा आणि ओल्या कुत्र्याचा वास. मेंढ्यांना माझा उपयोग झाला, खोटं कशाला बोलू. पण हेलेदचा आवाज आला की इद्रिस मेंढ्या विसरायचा. “आज सर्दी झालीय हिला,” असं एकदा तो कुत्र्याला म्हणाला. घरात मात्र त्याने त्यातलं काही सांगितलं नाही. नेरिसही सगळं माहीत असून विचारत नसे. एकाच छताखाली दोन माणसं एकाच गोष्टीबद्दल इतकी गप्प राहू शकतात, हे मला तिथेच कळलं.

मग तो वसंतातला दिवस आला. इद्रिस खालच्या कुरणात एका अडलेल्या मेंढीपाशी गुडघ्यांवर बसला होता. बाह्या कोपरापर्यंत वर, हात रक्ताने माखलेले. मी कुंपणाच्या खांबाला टांगलेला. विमानांची जोडी खोऱ्यात शिरली. मागच्या विमानात हेलेद होती, एकटी.

“पक्षी आदळला,” ती म्हणाली. “वर चढतेय.”

तिचा आवाज सपाट होता. माझ्या अंगावर काटा येता तर तेव्हा आला असता.

पुढच्या विमानातल्या प्रमुखाने विचारलं, “इंजिन?”

“तापतंय. मागे धूर आहे.”

डोक्यावरून ते विमान काळी रेघ ओढत पश्चिमेकडे गेलं. इद्रिस उठून उभा राहिला.

“इंजिन बंद पडलं. पुन्हा सुरू होत नाहीये.”

“बाहेर पड, हेलेद.”

“खाली गाव आहे. ते ओलांडते, मग...”

आणि डोंगर मध्ये आला. माझ्यात नुसती खरखर उरली.

इद्रिसने मला खांबावरून ओरबाडलं, हलवलं, तळहाताने ठोकलं. मी काय करणार? मला उंची हवी होती आणि पाय मला नव्हते. मग त्याला क्लिफर्डचे शब्द आठवले असावेत. त्याने वर कड्याकडे बघितलं. “नेरिस!” अशी एकच हाक घराच्या दिशेने मारली, आणि जन्मात पहिल्यांदा अडलेली मेंढी अर्ध्यावर सोडून तो धावत सुटला.

तो चढ तरुणालाही दमवणारा. इद्रिस वाटेने गेलाच नाही, सरळ उतारावरून चढला. गवत धरून, कधी चार पायांवर. दोनदा घसरला. मला त्याने छातीशी आवळलं होतं. त्याच्या छातीत जे काही चाललं होतं त्यापुढे माझी खरखर म्हणजे काहीच नाही. अर्ध्या वाटेत तो थांबला, वाकला, मला वाटलं आता हा उठत नाही. तो उठला.

माथ्यावर पोचल्यावर त्याने हात ताणून मला डोक्यावर धरलं. आधी तुकडे आले. मग प्रमुखाचा आवाज, स्वच्छ.

“...विमान समुद्रात पडलंय. गावापलीकडे. हवाई छत्री उघडलेली मी पाहिली. ती एका कुरणात उतरलीय.”

जमिनीवरून विचारलं असणार की तिची हालचाल दिसते का. तो प्रश्न मला ऐकू आला नाही. उत्तर यायला फार वेळ लागला. विमान वळसा घेत असावं.

“उभी आहे,” प्रमुख म्हणाला. आता त्याचा आवाज सपाट नव्हता. “उभी राहून हात करतेय. भोवती मेंढ्याच मेंढ्या आहेत.”

इद्रिस खाली बसला. मग त्याने एक विलक्षण गोष्ट केली. माझ्यावरचं एकेक बटण तो दाबू लागला आणि माझ्या जाळीला तोंड लावून हाका मारू लागला, “हेलेद! अगं हेलेद!” माझ्यावर बटणं पुष्कळ आहेत. पण त्यातलं एकही बोलण्यासाठी नाही. इतक्या वर्षांत मला कशाची लाज वाटली असेल, तर ती त्या क्षणी वाटली.

तो घरी आला तेव्हा नेरिस दारातच होती, तिचेही हात रक्ताने भरलेले. कोकरू तिने सोडवलं होतं. तो एवढंच म्हणाला, “पोरगी ठीक आहे.” तिने काय झालं, कसं कळलं, काही विचारलं नाही. पायरीवरच खाली बसली आणि रडली.

संध्याकाळी फोन वाजला. नेरिस उठली नाही. इद्रिसने माझ्याकडे एकदा बघितलं आणि जाऊन फोन उचलला.

“आई?”

“आई नाही. मी आहे.”

हेलेद घाईघाईने म्हणाली, “बाबा, बातम्यांत काही ऐकाल तर घाबरू नका. मला काही झालेलं नाही. पाठ दुखतेय फक्त.”

“ठाऊक आहे. ऐकलं मी.”

“कुठे ऐकलंत?”

इद्रिसने सांगितलं. क्लिफर्ड, कडा, मी, सगळं. मला वाटलं ती विरघळेल. ती भडकली.

“म्हणजे इतके दिवस तुम्ही माझं बोलणं ऐकत होतात? आणि मी इथे दर रविवारी आईला विचारतेय, बाबा काही म्हणाले का, बाबा काही म्हणाले का!”

“या यंत्रातून उत्तर देता येत नाही गं. हे फक्त ऐकतं.”

“फोन तर बोलतो ना, बाबा?”

इद्रिस भिंतीला टेकला. म्हणाला, “चुकलो.” मग घसा खाकरून, “कुणाच्या मेंढ्यांत उतरलीस?”

“कोण जाणे. म्हातारा लई ओरडला माझ्यावर.”

“ओरडणारच. विणीचे दिवस आहेत.”

ती हसली. हसता हसता रडायला लागली. नेरिस उठून फोनला कान लावून उभी राहिली, आणि तिघंही एकाच वेळी बोलू लागली. इतकं गोंधळलेलं बोलणं मी आकाशातून कधी पकडलं नव्हतं.

हेलेद मानेला पट्टा बांधून घरी आली. दारात इद्रिसने विचारलं, “जेवलीस?” ती म्हणाली, “नाही.” तेवढ्यावर ती आत आली. खिडकीत मला बघून म्हणाली, “हाच का तो चोर? बाबा, हा गुन्हा आहे, माहीत आहे ना?”

“मग दे पकडून.”

विमानांवरून त्यांचे वाद काही संपले नाहीत. दर वसंतात इद्रिस तिला फोन करतो आणि म्हणतो, “वीण सुरू होतेय, तुझ्या त्या पोरांना जरा वरून जायला सांग.” ती म्हणते, “मी काय त्यांची मालकीण आहे?” पण सांगते.

आता मी स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो. माझी एरियलची दांडी वाकली आहे. खोऱ्यातून नवी विमानं जातात, पण त्यांचं बोलणं आता सांकेतिक, कुलूपबंद असतं. माझ्या हाती फक्त खरखर लागते. मागच्या उन्हाळ्यात हेलेदने क्लिफर्डला वृद्धाश्रमातून आणलं आणि इद्रिसने त्याला ट्रॅक्टरवर घालून कड्यावर नेलं. मलाही नेलं. विमानं पायांखालून गेली. मी गप्प.

“काय म्हणाली असतील?” क्लिफर्डने हेलेदला विचारलं.

“आज जेवणात पुन्हा मटाराचं सूप आहे,” हेलेद म्हणाली. क्लिफर्ड इतका हसला की त्याचा चष्मा पडला.

माझ्यासारखी यंत्रं तुमच्याही कपाटात पडून असतील. त्यांच्या पोटातल्या बॅटऱ्या तेवढ्या काढून ठेवा, त्या पाझरल्या की आतून खातात. आणि कधी मोकळा दिवस मिळाला तर नव्या घालून आम्हाला एखाद्या उंच जागी घेऊन चला. एखादं जुनं विमान अजून उघड्या आवाजात बोलत कुठेतरी जात असेल. त्याचं बोलणं कुणाच्या तरी कानावर पडायला हवं.